प्रोजेक्ट आणि प्रोग्रॅम: फरक फक्त पाटीचा का?

रानजाई

नमस्कार मंडळी. प्रश्न ऑफिसचा आहे, पण इथे सरकारी खात्यातले, कंपन्यांमधले, संस्थांमधले असे सगळेच वावरतात म्हणून इथेच विचारते.

मी पालघर जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या संस्थेत काम करते. सध्या चार देणगीदारांच्या पैशांवर चार कामं चालू आहेत: नवजात बाळांच्या घरभेटी, परसबागा, पिण्याचं पाणी आणि किशोरवयीन मुलींचे गट. प्रत्येकाचा समन्वयक वेगळा, बजेट वेगळं, संपायची तारीख वेगळी. गावं मात्र बरीचशी तीच. गेल्या महिन्यात एका पाड्यावर गेले होते. आमची एक ताई नुकतीच बाळाचं वजन लिहून गेली होती, तेवढ्यात दुसरी ताई परसबागेचा फॉर्म घेऊन आली आणि घरात माणसं किती, हे विचारायला लागली. बाळंतिणीची सासू म्हणाली, "आत्ताच तर सांगितलं. तुमचं तुमच्यात बोलणं होत नाय का?"

आता ट्रस्टींच्या मनात आहे की चारही कामं मिळून एक 'माता-बाल पोषण कार्यक्रम' करायचा आणि त्यावर एक प्रोग्रॅम मॅनेजर नेमायचा (बहुतेक मीच). त्याचं टिपण मला लिहायचंय. फक्त पाटी बदलायची आहे की आत खरंच काही बदलायला हवं? व्याख्या नकोत, त्या वाचून झाल्यात. अनुभव सांगा.

मोजपट्टी

व्याख्या नको म्हणालात तरी एक टाकतोच, नाहीतर पुढचे वीस प्रतिसाद त्यावरच भांडतील. पीएमआयवाल्यांच्या (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) मते प्रोजेक्ट म्हणजे काहीतरी नवं उभं करण्यासाठी हाती घेतलेलं मुदतीचं काम. प्रोग्रॅम म्हणजे एकमेकांत गुंतलेली अशी कामं एकत्र हाकणं, कारण सुटी सुटी हाकली तर मिळणार नाही असा काही फायदा त्यातून मिळतो. सगळं वजन 'गुंतलेली' या अटीवर आहे. कामं गुंतलेली नसतील, नुसती एका छपराखाली असतील, तर त्याला पोर्टफोलिओ म्हणायचं. त्यासाठी मॅनेजर लागत नाही, महिन्याचा एक रिपोर्ट पुरतो.

म्हणून आधी एक तपासा. पाण्याचं काम सहा महिने लांबलं तर परसबागांवर परिणाम होतो का? होत असेल तर ती दोन गुंतलेली आहेत. असं प्रत्येक जोडीबद्दल विचारा.

कॉर्पोरेटमधला किस्सा: १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा मी एका कारखान्याच्या आयटीत होतो. ईआरपी (खरेदी-विक्री-हिशेबाचं सॉफ्टवेअर) बदलायचं प्रोजेक्ट जूनमध्येच पूर्ण झालं, केकही कापला. जुलैत बिलं अडकायला लागली, कारण बऱ्याच छोट्या पुरवठादारांचे जीएसटी नंबरच आमच्याकडे नव्हते. ते गोळा करणं आयटीच्या प्लॅनमध्ये नव्हतं, खरेदी विभागाच्या नव्हतं आणि फायनान्सच्याही नव्हतं. तिघांचीही कामं वेळेत झाली होती. जीएसटीत गेल्यावर कंपनीचा व्यवहार सुरळीत चालला पाहिजे, ही जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर नव्हती. ती ज्याच्या नावावर असते तो प्रोग्रॅम मॅनेजर.

तिरपागडा

आमच्याकडे फरक सोपा आहे. प्रोजेक्ट मॅनेजरला डेडलाइन असते, प्रोग्रॅम मॅनेजरला मीटिंग असतात. पगार दुसऱ्याला जास्त.

वाचक_१०८

:हाहा: वाचतोय. मला वाटायचं की प्रोजेक्टला शेवट असतो आणि प्रोग्रॅमला नसतो, एवढाच फरक.

पाटकरी

मी सिंचन खात्यातून निवृत्त झालो. वाचक_१०८ यांचा समज फार ठिकाणी दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च कित्येक हजार कोटींवर गेला आणि काम अजून पुरतं संपलेलं नाही. इतकी वर्षं चालला म्हणून त्याला कोणी प्रोग्रॅम म्हणेल का? तो रखडलेला प्रकल्पच. काळ किती लागला यावर काही ठरत नाही.

ठरतं ते कशावर, तर मोजता काय यावर. आमच्या खात्यात दोन आकडे असतात: निर्मित सिंचन क्षमता आणि प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र. धरण, कालवा, वितरिका बांधून झाल्या की पहिला आकडा कागदावर चढतो. दुसरा चढायला शेतकऱ्याच्या वावरात पाणी जावं लागतं. या दोन आकड्यांतली दरी देशभर इतकी वाढली की केंद्र सरकारला १९७४-७५ मध्ये वेगळा लाभक्षेत्र विकास कार्यक्रम काढावा लागला. शेतचाऱ्या खोदणं, जमिनीचं सपाटीकरण, पाळीपाळीने पाणी देण्याची शिस्त, ही सगळी धरण झाल्यानंतरची कामं. ज्या कार्यकारी अभियंत्याने धरण चोख बांधलं तो तोवर बदलून गेलेला असतो. त्याचा दोष काहीच नाही. शेतचारी त्याच्या अंदाजपत्रकातच नव्हती.

उलट बाजूचंही सांगतो. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात वाघाड म्हणून मध्यम प्रकल्प आहे. तिथे कालव्याच्या टोकाला पाणी पोचत नव्हतं. टोकाच्या शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात पाणी वापर संस्था काढल्या, पाणी घनमापाने मोजून घ्यायला लागले, आणि पुढे अख्ख्या धरणाच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आला. तिथे नवं बांधकाम फारसं झालं नाही. बदलला तो कारभार. रानजाईताई, तुमच्या चार कामांमध्ये 'निर्मित क्षमता' कोणती आणि 'प्रत्यक्ष सिंचन' कोणतं, हे आधी लिहून काढा.

रानजाई

पाटकरीकाका, हे फार उपयोगाचं. परसबागेच्या अहवालात आम्ही 'किती बागा लावल्या' एवढंच लिहितो. त्यातली भाजी बाळंतिणीच्या ताटात गेली का, हा रकानाच नाही. आणि देणगीदारानेही तो कधी मागितला नाही.

पीएचसीवाला

'प्रोग्रॅमला शेवट नसतो' याला माझाही विरोध. ज्यांना नारू आठवतो त्यांना कळेल.

आजच्या पोरांसाठी: दूषित पाणी प्यायल्यावर साधारण वर्षभराने पायातून हातभर लांब जंतू बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरायचा, तिथेच अळ्या सुटायच्या आणि पुढच्या वर्षी आख्ख्या वाडीला नारू. आपल्याकडे नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला. त्यात कामं किती प्रकारची होती बघा. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून कठडा बांधणं हे बांधकामवाल्यांचं, हातपंप बसवणं पाणीपुरवठ्याचं, पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकणं आणि घरोघर रुग्ण शोधणं आरोग्य खात्याचं, दुहेरी फडक्यातून पाणी गाळायला शिकवणं सगळ्यांचंच.

एकेक विहीर हा प्रोजेक्टच. कठडा झाला, मोजमाप पुस्तकात नोंद झाली, बिल निघालं, विषय संपला. कार्यक्रमाचं तसं नाही. कठडा बांधलेल्या गावात हातपंप नादुरुस्त झाला आणि लोक शेजारच्या जुन्या विहिरीवर जायला लागले, तर कार्यक्रमाच्या लेखी ते गाव पुन्हा धोक्यात. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. नारूमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं फेब्रुवारी २००० मध्ये. मधली साडेतीन वर्षं एकही रुग्ण नसताना रुग्ण शोधत फिरणं चालू होतं, कारण सलग तीन वर्षं शून्य दाखवल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. कुठल्याही प्रोजेक्टच्या बजेटमध्ये 'काहीही न सापडण्यासाठी' तीन वर्षांचा खर्च मंजूर करून दाखवा!

तर शेवट असतो. पण तो तारखेने येत नाही, रोग गेल्यावर येतो.

मोजपट्टी

+१. 'काहीही न सापडण्यासाठी खर्च' हे आमच्या सीएफओला (वित्तप्रमुखाला) फ्रेम करून द्यायला हवं.

बिनतारी

मी संरक्षण क्षेत्राच्या आसपास असतो (यापेक्षा जास्त विचारू नका), म्हणून क्षेपणास्त्रांचं उदाहरण. १९८३ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमात पृथ्वी, अग्नी, त्रिशूळ, आकाश आणि नाग अशी पाच कामं होती. प्रत्येकाचा प्रकल्प संचालक वेगळा, वर कलाम.

गुंतागुंत कशी असते ते अग्नीत दिसतं. मे १९८९ मध्ये उडालेल्या पहिल्या अग्नीचा खालचा टप्पा एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपकाच्या घन इंधनाच्या मोटरवर बेतलेला होता, आणि वरचा द्रव इंधनाचा टप्पा पृथ्वीवरून घेतलेला. पृथ्वी त्याआधी फेब्रुवारी १९८८ मध्ये उडाली होती. पृथ्वीचं इंजिन लटकलं असतं तर अग्नीचा संचालक कितीही हुशार असून उपयोग नव्हता. अशा वेळी कोणाची माणसं कुठे हलवायची, चाचणीची जागा आधी कोणाला द्यायची, हे दोघांच्या वरच्या माणसानेच ठरवायचं असतं.

आणि त्रिशूळ सेवेत आलंच नाही. २००८ मध्ये ते काम रीतसर बंद केलं. म्हणून अख्खा कार्यक्रम फसला असं कोणी म्हणत नाही. ज्या कार्यक्रमात एखादं काम बंद करायची सोय नाही, तो नुसता याद्यांचा गठ्ठा.

मोजपट्टी

बिनतारी, जरा असहमत. अग्नी-पृथ्वी गुंतलेले होते, कबूल. पण नाग हे रणगाडाविरोधी. त्याचा अग्नीशी काय संबंध? माझ्या मते तो निम्मा प्रोग्रॅम आणि निम्मा पोर्टफोलिओ होता.

बिनतारी

वापराच्या दृष्टीने संबंध नाही. पण प्रयोगशाळा, चाचणी केंद्र, कारखाने, दिशादर्शनाची माणसं सामायिक होती, आणि देशात ही क्षमता उभी करणं हाच उद्देश होता. उद्देश 'पाच क्षेपणास्त्रं' धरलात तर तुमचं बरोबर, 'क्षमता' धरलात तर माझं. १९८३ च्या फायलीत काय लिहिलं होतं ते तुम्हीही पाहिलं नाही, मीही नाही. :)

तिरपागडा

धागा पालघरहून बालासोरला पोचला. रानजाईताईंना परत आणा कोणीतरी.

साताऱ्याची_साहेबीण

मी इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेच्या प्रशासनात आहे. इथे या विषयाचं प्रस्थच आहे. सरकारने १९९९ मध्ये प्रोग्रॅम कसे चालवावेत याची पद्धतच छापली, एमएसपी (मॅनेजिंग सक्सेसफुल प्रोग्रॅम्स). त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे एसआरओ (सीनियर रिस्पॉन्सिबल ओनर) हे पद. फायदा झाला की नाही याला उत्तरदायी असणारी एकच व्यक्ती, नावानिशी. समिती चालत नाही.

पण पद्धत छापून गाडी चालत नाही, हेही इथेच पाहिलं. सगळ्या रुग्णालयांच्या नोंदी संगणकावर आणायचा एनएचएसचा (इथली सरकारी आरोग्यसेवा) राष्ट्रीय आयटी प्रोग्रॅम २००२ मध्ये निघाला आणि २०११ मध्ये मोडीत काढला गेला. पाटीवर प्रोग्रॅम होता, वागणूक मात्र एका अवाढव्य प्रोजेक्टची. इंग्लंडचे पाच भाग पाडले, मोठमोठ्या कंपन्यांना कंत्राटं दिली, काय बनवायचं ते वरूनच ठरलं. वॉर्डातल्या डॉक्टर-नर्सना रोजच्या कामात हे हवंय का, हे फार उशिरा विचारलं. त्यातलं सगळंच वाया गेलं नाही. एक्स-रे, स्कॅनची चित्रं संगणकावर आली ती टिकली, कारण ती डॉक्टरांना खरोखर हवी होती. रुग्णाच्या सविस्तर नोंदींचं जे व्हायचं ते झालं.

तेव्हा मोठं किंवा खर्चिक म्हणजे प्रोग्रॅम, असंही नाही.

पीएचसीवाला

रानजाईताईंच्या घरभेटींकडे परत येतो, कारण तिथे फरक फार स्वच्छ दिसतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९३ ते ९८ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा प्रयोग केला. ३९ गावं, गावातलीच शिकवलेली आरोग्यदूत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. सुरुवात, शेवट आणि निष्कर्ष असलेला हा अव्वल दर्जाचा प्रकल्प. २०११ मध्ये केंद्राने या पद्धतीवर बेतून आशांच्या (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या) घरभेटी देशभर सुरू केल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, सगळ्या झाल्या की २५० रुपये.

इथून पुढे सगळे प्रश्न बदलतात. प्रयोगात प्रश्न असतो की हे जमतं का. कार्यक्रमात प्रश्न असतो की पावसाळ्यात नदीपलीकडच्या पाड्यावरची तिसऱ्या दिवसाची भेट कोण करेल, आशाने काम सोडलं तर नवीला कधी शिकवायचं, वजनकाट्याची स्प्रिंग ढिली पडली तर बदलून कोण देणार. आमच्या भागात मी ढिली स्प्रिंग असलेला काटा पाहिला आहे. सगळी बाळं पाव किलोने गुटगुटीत दिसायची. आकडे इतके छान की कोणालाच शंका आली नाही.

तुमचा देणगीदार तीन वर्षांनी जाणार. घरभेटी आशांच्याही आहेत आणि तुमच्या तायांच्याही. तुमचा प्रोग्रॅम मॅनेजर आशांच्या गटप्रवर्तकांसोबत (त्यांच्या पर्यवेक्षिकांसोबत) महिन्यातून एकदा बसणार नसेल, तर तुम्ही समांतर संस्थान उभारताय, जे चौथ्या वर्षी कोसळेल.

ताळेबंद

सीए आहे, संस्थांची ऑडिट करते. इतक्या चांगल्या चर्चेत पैशांचं कोणीच काही बोललं नाही, म्हणून पाणी ओतायला आले.

तुमचे पैसे सीएसआरचे (कंपन्यांनी कायद्यानुसार समाजकामासाठी द्यायचे) असतील तर कायद्याला तुमचा 'कार्यक्रम' दिसत नाही, 'प्रकल्प' दिसतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची कमाल मुदत सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं. वर्षात खर्च न झालेली त्या प्रकल्पाची रक्कम कंपनीला वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते. म्हणजे परसबागेतले उरलेले पैसे 'कार्यक्रमाची गरज' म्हणून पाण्याकडे वळवता येणार नाहीत. बिनतारींच्या कलामांना जी मोकळीक होती ती तुम्हाला नाही. देणगीदाराकडून लेखी मंजुरी घ्या, मगच पैसा हलवा.

दुसरं, संस्थांमध्ये एक भीती बसली आहे की प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर दाखवता येत नाही, म्हणून प्रोग्रॅम मॅनेजरचा पगार कुठे घालायचा. ही ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे, तुमच्यावर नाही. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्या मर्यादेत धरतच नाहीत. देणगीदाराचा माणूस घोळ घालत असेल तर त्याला नियमांतली प्रशासकीय खर्चाची व्याख्या दाखवा.

तिसरं, पाटकरीकाकांना आवडेल असं. सरासरी सीएसआर रक्कम १० कोटी किंवा जास्त असलेल्या कंपन्यांना त्यांच्या १ कोटी आणि त्यापुढच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन करून घ्यावं लागतं, तेही प्रकल्प संपून निदान एक वर्ष झाल्यावर. म्हणजे परिणाम नंतर दिसतो हे कायद्यालाही ठाऊक आहे. पण त्या वर्षभरात गावात कोण उभं राहणार, त्याचा पैसा कोणी देत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. टिपणाचा कच्चा खर्डा झालाय, थोडक्यात सांगते.

मोजपट्टींच्या कसोटीने तीन कामं गुंतलेली निघाली. पाणी नसेल तर मार्चनंतर बागा वाळतात, आणि बाग वाळली की घरभेटीत आम्ही सांगतो तो आहार हवेतच राहतो. मुलींचे गट मी बाहेर ठेवलेत. ते काम चांगलं आहे, पण बाळाच्या वजनाशी आमच्या मुदतीत त्याचा धागा जुळत नाही. घराला एकच नोंदवही, तीन तायांमध्ये गावं वाटून, एका घरात एकच ताई. मोजायचं ते सहा महिन्यांच्या बाळाचं वजन आणि आईच्या ताटातली भाजी, बागा किती हे नंतर. काटे दर महिन्याला एक किलोच्या मापाने तपासायचे (पीएचसीवाले, झोप उडवलीत). गटप्रवर्तकांसोबत मासिक बैठक. उत्तरदायी म्हणून एकाच व्यक्तीचं नाव.

अडलंय ते एकाच ठिकाणी. मॅनेजरला काम थांबवायचा अधिकार द्यावा असं लिहिलं, तर एका ट्रस्टींनी आत्ताच फोनवर सांगितलं की तो बोर्डाकडेच राहील.

पीएचसीवाला

मुलींचे गट वगळलेत ते पटलं नाही. आजची रक्तक्षय असलेली सोळा वर्षांची मुलगी तीन-चार वर्षांनी तुमची बाळंतीणच आहे. तिचं हिमोग्लोबिन आता नाही धरलंत तर बाळाचं वजन कुठून येणार?

रानजाई

मान्य आहे, पण तो देणगीदार पुढच्या मार्चला संपतोय. कार्यक्रमात घेतलं आणि पैसा गेला तर?

पाटकरी

पैसा जाणार आहे म्हणून वगळणं, हा प्रकल्पवाल्याचा विचार झाला. :) असो, ट्रस्टींच्या मुद्द्यावर: बंद करायचा अधिकार बोर्डाकडे राहू द्या, पण तीन महिन्यांनी मॅनेजर लेखी शिफारस करेल आणि बोर्डाने पुढच्या बैठकीत हो किंवा नाही नोंदवायचं, एवढं ठरावात घालून घ्या. 'चर्चा झाली' असं इतिवृत्तात चालणार नाही.

रानजाई

हे घालते. ताळेबंदताई, शेवटचं: माझा पगार तीन अनुदानांत कसा विभागायचा? सरळ एक तृतीयांश?

ताळेबंद

सरळ एक तृतीयांश नको, ऑडिटरला आधार दाखवता येत नाही. प्रत्यक्ष दिलेल्या वेळाच्या प्रमाणात विभागा, तिन्ही करारांच्या बजेटमध्ये तेवढी टक्केवारी आधीच मंजूर करून घ्या, आणि टाइमशीट महिन्याच्या महिन्याला सही करून ठेवा. मार्चअखेर एका बैठकीत भरलेली बारा महिन्यांची टाइमशीट आम्हाला लगेच कळते, सगळीकडे एकाच पेनाची शाई असते.